कोरड्या तळावरची चार अंडी

"लेख अवश्य द्या, पण यंदा मधुमेहावर नको," असे स्मरणिकेच्या संपादक मंडळातील स्नेह्यांनी दूरध्वनीवर बजावले, तेव्हा मी प्रथम थोडा हिरमुसलो. याच पृष्ठांतून मी मधुमेहावर तीनदा आणि रक्तदाबावर दोनदा लिहिले आहे, आणि ते लेख निदान माझ्या पत्नीने तरी शेवटपर्यंत वाचले आहेत. परंतु विचार केल्यावर वाटले, की गेली काही वर्षे ज्या छंदाने माझी पहाट व्यापली आहे, त्याविषयी आपल्या मंडळींशी बोलावे. औषधांच्या मात्रा सर्वांना ठाऊक आहेतच. टिटवी अंडी कशी थंड ठेवते, हे कदाचित ठाऊक नसेल.

या छंदाची सुरुवात आजारपणातून झाली, हे कबूल केले पाहिजे. हृदयाच्या रोहिणीत जाळी बसवून घ्यावी लागली आणि आयुष्यभर रुग्णांना "रोज चाला" असे सांगणाऱ्या मला तोच सल्ला गिळावा लागला. हिमायतनगरच्या घरातून पहाटे निघून लिबर्टीच्या चौकातून टँकबंडवर यायचे आणि गाडीने वळसा घालून हुसेनसागराच्या उत्तर काठावरील संजीवय्या पार्कमध्ये पाऊण तास चालायचे, असा क्रम सुरू झाला. सोबतीला आमचे एक निवृत्त भूलतज्ज्ञ मित्र. त्यांच्या गळ्यात दुर्बीण असे आणि चालण्यापेक्षा त्यांचे थांबणेच अधिक. एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, आपण व्यायामाला आलो आहोत." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, रोग्याची छाती ऐकताना तुम्ही घाई करता का? मग हे झाडही जरा ऐका." त्या झाडातून तांबट पक्ष्याचा टुक टुक असा एकसुरी ठोका येत होता. मी सवयीने मनगटावरचे घड्याळ पाहून तो मोजू लागलो, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्या हाती लागलो तो लागलोच.

हैदराबादच्या तळ्यांवर पक्षी पाहायचे ते हिवाळ्यात, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो निराधार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तरेकडून आलेली थापट्या, तलवार, भिवई अशी बदके पाण्यावर पसरलेली असतात. शहराच्या वायव्येस असलेल्या अमीनपूरच्या तळ्यावर रविवारी सकाळी कॅमेऱ्यांची दाटी होते. २०१६ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेले ते तळे कुतुबशाही काळातील आहे. एप्रिल उजाडला, की पाहुणी बदके जातात, त्यांच्यामागोमाग कॅमेरेही जातात, आणि "आता तळी रिकामी झाली" असे म्हणण्याचा प्रघात आहे. माझेही मत तेच होते. ते कसे बदलले, हाच या लेखाचा विषय.

यंदाच्या एप्रिलमधील शेवटच्या रविवारी आम्ही शामीरपेटला गेलो. आपल्या शहराच्या उत्तरेस करीमनगर रस्त्यावर, कारखाना, तिरुमलगिरी, हकीमपेट, तुमकुंटा अशी गावे मागे टाकली, की हा विस्तीर्ण तलाव लागतो. मात्र त्या दिवशी तो विस्तीर्ण नव्हता. पाणी काठापासून पुष्कळ आत सरले होते आणि मधल्या भागात भेगाळलेली काळी माती, वाळू, शिंपले आणि खुरटे गवत यांचा पट्टा उघडा पडला होता. सहा वाजताच ऊन अंगाला लागू लागले होते.

पाण्याच्या कडेला पांढऱ्या-काळ्या मुग्धबलाकांचा थवा उभा होता. चोच मिटली तरी मध्ये फट राहणारा हा करकोचा गोगलगायींवर जगतो, आणि पाणी आटून गोगलगायी उथळात गोळा होतात तेव्हा त्याची चंगळ असते. लांब गुलाबी पायांचे शेकाटे, दोन चित्रबलाक, चार हळदी-कुंकू बदके (हे बदक मात्र येथलेच, वर्षभर राहणारे), पाण्यावर घिरट्या घालून एकदम सूर मारणारे नदी सुरय, एवढी मंडळी पहिल्या दहा मिनिटांत वहीत नोंदली गेली. भिवई बदकांची एक जोडी अजून मुक्काम हलवायला तयार नव्हती. लग्नघरातून सगळे पाहुणे गेल्यावरही एखादे जोडपे राहते, तशी ती मला वाटली. बाभळीवर भोरड्यांचा मोठा कलकलाट चालला होता. गुलाबी अंगाच्या या मैनांना पळस-पांगाऱ्याच्या फुलांतील मध फार प्रिय, म्हणून त्यांना पळसमैना असेही म्हणतात. ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत त्या आपल्याकडे असतात आणि प्रजननासाठी मध्य आशियाकडे जातात. वर्षातील आठ-नऊ महिने जी येथे राहते तिला पाहुणी म्हणावे, की चार महिने तिकडे जाते म्हणून तिकडची पाहुणी म्हणावे? मराठवाड्यातून येऊन तीन पिढ्या येथे काढलेल्या आपल्यासारख्यांनी या प्रश्नात फार खोल शिरू नये.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली आणि तिचा वृत्तान्त १९३३-३४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाला. त्यावेळी औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे जिल्हे याच संस्थानात होते. म्हणजे आमचे आजोळ आणि आमचे हे शहर पक्ष्यांच्या दप्तरी एकाच वहीत नोंदलेले आहे. पुढे १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली. भोरड्यांना तिची वार्ता अद्याप पोहोचलेली नाही.

तर, दुर्बिणीतून पाणी न्याहाळत आम्ही उघड्या तळावरून पुढे निघालो होतो. एवढ्यात थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळे ओढीत असलेल्या एका वृद्ध मच्छीमाराने मोठ्याने हाक मारली, "साब, उदर नक्को जाव! अंडे हैं उदर!" त्याच क्षणी डोक्यावरून एक टिटवी किंचाळत आली. आम्ही जागच्या जागी थांबलो. माझ्या बुटापासून जेमतेम चार हातांवर, गुराच्या खुराने पडलेल्या उथळ खळग्यात, बारीक खड्यांच्या कडेत चार अंडी होती. निमुळती टोके आत, रुंद टोके बाहेर. मातकट रंग आणि त्यावर काळे ठिपके. आणखी दोन पावले टाकली असती, तर हा लेख लिहिण्याचे धैर्य मला झाले नसते.

टिटवीला आपल्याकडे चांगले नाव नाही. रात्री ती ओरडली, की घरात काही अशुभ घडते असे माझी आजी मानीत असे. तेलुगू शेजाऱ्यांकडेही 'तीतुवु पिट्ट' याच कारणाने बदनाम आहे. वास्तविक ती ओरडते ते आपली अंडी जमिनीवर उघडी असतात म्हणून. मात्र शेतकरी तिच्या अंड्यांकडे आदराने पाहतो. तिने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, खोलगटात घातली तर कमी, असा आडाखा महाराष्ट्रात ठिकठिकाणी सांगतात. पंचतंत्रातील टिट्टिभाची कथा तर आपण सर्वांनीच ऐकली आहे. समुद्राने त्याची अंडी गिळली आणि त्या एवढ्याशा पक्ष्याने गरुडामार्फत थेट विष्णूपर्यंत तक्रार नेऊन ती परत मिळविली. शामीरपेटच्या टिटवीला पाण्याचे भय नव्हते. तिचे भय निराळे होते, त्याकडे वळण्यापूर्वी वैद्यकीय भाग आधी सांगून टाकतो. सवय जात नाही.

पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. त्यांच्या शरीराचे तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, चाळीस अंशांच्या आसपास. उष्णता बाहेर टाकायची ती चोच उघडून, धापा टाकून; पाणकावळे, बगळे यांच्या घशाची पातळ त्वचा अशा वेळी झरझर थरथरताना दिसते. प्रौढ पक्षी हे सहन करतो, परंतु अंड्यातील जिवाला तापमान चाळिशीच्या बरेच पुढे गेलेले सोसत नाही. उघड्या मातीवर भर दुपारी काय होत असेल, याची कल्पना करा. आपण समजतो, की पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब देण्यासाठी. मेच्या दुपारी टिटवी बसते ती सावली देण्यासाठी. नर आणि मादी पाळीपाळीने हे काम करतात. आम्ही दूर बाभळीखाली बसून पाहत होतो. एक टिटवी उठली, तुरुतुरु पाण्यापाशी गेली, पोटाखालची पिसे नीट भिजवून घेतली आणि परत येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसली. मग दुसरी गेली. तापाच्या रुग्णाच्या अंगावरून ओला कपडा फिरवायला आपण परिचारिकांना शिकवितो. येथे कोणी शिकविले नव्हते. अंडी उबण्यास सुमारे अठ्ठावीस ते तीस दिवस लागतात, म्हणजे महिनाभर ही ये-जा चालणार. आणि म्हणूनच घरटे पाण्यापासून फार दूर असून चालत नाही. तळाचा जो पट्टा आपल्याला कोरडा, निरुपयोगी आणि ओसाड दिसतो, नेमका तोच तिला हवा असतो.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो येथे. आपण तलाव म्हणतो तो फक्त पाण्याला. पाणी मागे सरले, की उरलेली जमीन आपल्या लेखी रिकामी होते, आणि रिकाम्या जमिनीवर काहीतरी करण्याची माणसाला अनावर इच्छा होते. मुले क्रिकेट मांडतात, कोणी गाडी धुतो, कोणी राडारोडा आणून टाकतो; शहराजवळच्या तळ्यांत तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुंपणही उभे राहते. सरकारी भाषेत तलावाची हद्द भरलेल्या पाण्याच्या पातळीवरून ठरते, त्यापलीकडे काठाचा संरक्षित पट्टाही असतो, आणि अतिक्रमणे हटविण्यासाठी जुलै २०२४ मध्ये 'हैड्रा' ही स्वतंत्र यंत्रणाही हैदराबादेत स्थापन झाली. तिच्या कामाविषयी आपल्या मंडळींत दोन तट आहेत, ते मला ठाऊक आहे. मी एवढेच म्हणेन, की हद्दीची रेषा नकाशावर असते आणि एप्रिलमध्ये ती डोळ्यांना दिसत नाही. टिटवीला मात्र ती बरोबर समजते.

प्रश्न केवळ अतिक्रमणाचा असता, तर खलनायक शोधून मोकळे होता आले असते. आम्ही बाभळीखाली असतानाच दोन ट्रॅक्टर आले ते गाळ न्यायला. तेलंगणात २०१५ पासून 'मिशन काकतीय' या योजनेखाली हजारो तलावांतील गाळ काढण्यात आला आणि तो शेतकऱ्यांनी शेतात नेऊन घातला. तेव्हापासून हा पायंडा चांगलाच रुजला आहे. तळ्याची साठवण वाढते, शेताला कस येतो. माझा त्याला मनापासून पाठिंबा आहे. अडचण फक्त वेळेची. गाळ काढता येतो तो तळ उघडा पडल्यावर, आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी अंडी घालतात तेही तळ उघडा पडल्यावर. दोघांचेही एप्रिल-मे ठरलेले.

मच्छीमार बाबा काठाला आले. त्यांनी काही न बोलता आठ-दहा धोंडे आणून घरट्याभोवती पुरेशा अंतरावर गोल मांडले, एक वाळकी फांदी रोवली आणि तिला आपल्या गमछाची लाल चिंधी बांधली. ट्रॅक्टरवाल्या तरुणाला तेलुगूतून दोन वाक्ये ऐकविली. त्याने मान डोलावली आणि चाके वळवून घेतली. माझ्या मित्राने खिशातून शंभराची नोट काढली, तेव्हा बाबांनी हात जोडले आणि मला विचारले, "आप डॉक्टर है ना साब? घुटने का देखो जरा." मी तेथेच धोंड्यावर बसून त्यांचा गुडघा तपासला. माझ्या सबंध व्यवसायातील हे एक समाधानकारक शुल्क.

त्यानंतर मेच्या मध्यावर एक प्रकार खुद्द हिमायतनगरात घडला. सकाळी दवाखाना उघडताना आमच्या कंपाउंडरला खिडकीच्या काचेखाली एक पक्षी पडलेला सापडला. हिरवी पाठ, पिवळसर पोट, शेपटीखाली लालभडक, पंखावर निळा तुकडा, डोळ्यावरून काळी पट्टी. तो नवरंग होता. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत हिवाळा काढून तो मेच्या सुमारास मध्य भारताकडे आणि हिमालयाच्या पायथ्याकडे प्रजननासाठी जातो. प्रवास रात्री करतो आणि शहरातील दिव्यांना व काचांना फसतो. इंग्रजीत त्याला 'पिट्टा' म्हणतात, आणि तो शब्द तेलुगूतील 'पिट्ट' म्हणजे लहान पक्षी, यावरूनच घेतलेला आहे. जगभराच्या पुस्तकांत शिरलेला हा आपल्या शेजारघरचा शब्द. येथील पक्षिमित्रांची संस्था १९८० मध्ये स्थापन झाली. तिच्या वार्तापत्राचे नावही 'पिट्टा'च.

मी उत्साहाने ग्लुकोजचे पाणी ड्रॉपरने पाजायला निघालो होतो. भूलतज्ज्ञ मित्रांनी दूरध्वनीवरच दटावले, "डॉक्टर, बेशुद्ध रोग्याच्या तोंडात पाणी घालाल का? श्वासनलिकेत जाईल. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडा, आत कापड घाला, अंधारात ठेवा आणि हात लावू नका." चाळीस वर्षांच्या अनुभवानंतर हा उपदेश ऐकून घेतला. दिवसभर रुग्ण तपासताना लक्ष कपाटाखालील खोक्याकडेच होते. तिन्हीसांजेला आतून खुडबुड ऐकू आली. इंदिरा पार्कमधील दाट झुडपांपाशी नेऊन झाकण उघडले. तो क्षणभर कडेवर बसला, आखूड शेपटी दोनदा हलविली आणि पालापाचोळ्यात उतरून दिसेनासा झाला.

मेच्या अखेरच्या आठवड्यात आम्ही पुन्हा शामीरपेट गाठले. ढग दाटले होते आणि दूर झाडीतून पावशाचा चढत जाणारा आवाज येत होता. मराठी कानाला तो "पेरते व्हा" असे सांगतो. इंग्रजांना त्याच आवाजात 'ब्रेनफीवर' ऐकू आले आणि त्यांनी पक्ष्याचे नावच तसे ठेवले! पक्षी आणि ताप यांचे नाते या शहरात तसे जुने आहे. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्या बेगमपेट भागात डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू पाहिले, हे आपण सर्व जाणतो. परंतु जंतूंचे चक्र त्यांनी पूर्ण उलगडले ते १८९८ मध्ये कलकत्त्यात, पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून. नोबेल पारितोषिकात चिमण्यांचाही वाटा आहे, तो कोणी काढून दिला नाही.

धोंड्यांचे वर्तुळ आणि चिंधीची फांदी जागेवर होती. खळगा रिकामा. आम्ही दुर्बिणी लावून पाऊण तास बसलो. मग गवताच्या कडेला टिटवी दिसली आणि तिच्या मागे लांब पायांवर धावणारे कापसाचे दोन बोळे. तिसरे थोड्या वेळाने दिसले. चौथ्याचा पत्ता लागला नाही. ही पिल्ले अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालू लागतात. आईने शीळ घातली, की जमिनीला चिकटून दगड होतात.

परतताना ट्रॅक्टरच्या जुन्या चाकोरीपाशी एक लहानसा पक्षी पंख मोडल्याचे सोंग करीत आमच्यापुढे घसटत जाऊ लागला. गळ्यात काळा कंठा, डोळ्याभोवती पिवळे कडे. तो कंठेरी चिखल्या होता. त्याच्या भारतीय उपजातीला जर्डन यांचे नाव आहे. ते मद्रास सैन्यातील शल्यचिकित्सक, आपल्याच व्यवसायातले, आणि भारतातील पक्ष्यांवर त्यांनी १८६२ ते १८६४ या काळात ग्रंथ प्रसिद्ध केला. हे सोंग चिखल्या करतो ते शत्रूला घरट्यापासून दूर नेण्यासाठी. आम्ही पाय जपून टाकीत शोधले. चाकाच्या खोल ठशात, वाळलेल्या चिखलात, कवचाचे तीन-चार ठिपकेदार तुकडे दाबले गेले होते. ट्रॅक्टर ज्या बाजूला वळवून घेतला होता, तीच ही बाजू. टिटवी ओरडली म्हणून तिचे घरटे आम्हाला कळले; हा चिमुकला पक्षी एप्रिलमध्ये ओरडलाही असेल, परंतु तो आवाज आमच्या कानी पडला नव्हता.

मित्रांनी वहीत जागा आणि तारीख लिहिली. मी फांदीवरची लाल चिंधी सोडून घेतली आणि खिशात ठेवली. पुढील वर्षी मार्चअखेर, गाळाचे ट्रॅक्टर उतरण्यापूर्वी, तळावरून एकदा संथ चालत जायचे आणि बाबांना सोबत घ्यायचे असे ठरले आहे. आपल्यापैकी कोणाला यायचे असल्यास पहाटे साडेपाचला लिबर्टीच्या चौकात भेटावे. दुर्बीण नसली तरी चालेल. पायाखाली पाहता आले, की पुरे. निघताना बाबांचा गुडघा पुन्हा पाहिला. सूज उतरली आहे, पण उकिडवे बसणे त्यांनी अजून सोडलेले नाही.